घर हीच शाळा म्हणणाऱ्यांनी एकदा केडगावला उतरावं

गेल्या आठ दिवसांत एकच रील मला पाच जणांनी पाठवली. पुण्याजवळचं कुठलंसं फार्महाऊस, अंगणात चिखलानं माखलेली दोन पोरं, मागं बासरी, आणि आई शांत आवाजात सांगतेय की आम्ही मुलांना शाळेतून काढलं आणि आमचं घर पुन्हा घर झालं. पाठवणाऱ्यांपैकी दोघांनी खाली विचारलंय, "पत्रकार, तुमचं मत काय?" मत लांबलचक आहे म्हणून इथंच लिहितो. ज्यांना वेळ नाही त्यांच्यासाठी एका ओळीत सांगतो: पोरं शाळेतून काढायचा हा सल्ला आपल्या भागात पसरवू नका. ज्यांना वेळ आहे त्यांनी पुढं वाचा आणि मग भांडा.

शाळेवरचे त्यांचे आरोप मला बऱ्यापैकी मान्य आहेत, हे आधीच सांगून टाकतो. सकाळी लवकर टोलनाक्यापाशी उभं राहिलं की पिवळ्या गाड्या दिसतात. आत पेंगणारी चार-चार वर्षांची लेकरं, गळ्यात टाय. मार्चच्या उन्हातसुद्धा टाय. गृहपाठ आई करते, प्रोजेक्ट स्टेशनरीच्या दुकानात तयार मिळतो, आणि मार्क पोराला पडतात. अनस्कूलिंग हा शब्द ज्यानं रूढ केला तो जॉन होल्ट अमेरिकेतला मास्तरच होता. पोरं विषय समजून घ्यायच्या ऐवजी मास्तरला हवं ते उत्तर हेरण्यात कशी तरबेज होतात, हे त्यानं १९६४ च्या पुस्तकात लिहिलं. पुढं शाळा सुधारतील ही आशाच त्यानं सोडली आणि १९७७ साली घरी शिकवणाऱ्या पालकांसाठी नियतकालिक काढलं. होल्टचं वर्गाचं वर्णन वाचताना मला आमचाच वर्ग दिसला. तेव्हा शाळेची बाजू घेऊन मी आरती ओवाळायला बसलेलो नाही.

असं एक कुटुंब मी जवळून पाहिलंय. महामार्गापासून आत, दोन एकरात घर बांधून राहिलेलं जोडपं. बातमी करा म्हणून त्यांनी बोलावलं, मी गेलो. पोरं खरोखर गोड. थोरल्यानं मला विहिरीवरचे तीन पक्षी नावानिशी दाखवले, आणि तुम्ही खोटी बातमी कशी ओळखता असं विचारलं. माझ्या डिप्लोमाच्या तोंडी परीक्षेत मला एवढा चांगला प्रश्न कोणी विचारला नव्हता. पण पत्रकाराची खोड, मी घरात नजर फिरवली. आई-बाप दोघं इंजिनिअर. बापाचं काम लॅपटॉपवर, आईनं नोकरी सोडलेली. आजोबा निवृत्त प्राध्यापक. दोन भिंती भरून पुस्तकं, दारात चारचाकी, आठवड्यातून दोनदा पुण्याला तबला आणि फुटबॉल. म्हणजे शाळा गेलेलीच नव्हती. शाळा घरी आली होती, आणि दोन पोरांमागं तीन मास्तर होते! आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेला एवढं द्या, मग बघू पक्षी कोण जास्त ओळखतो.

आईनं नोकरी सोडलेली, हेही लक्षात ठेवा. ‘सजग पालकत्व’ या गोंडस शब्दात पालक म्हणजे बहुतेक वेळा आईच असते. बाप रीलमध्ये रविवारी दिसतो.

या मंडळींकडं एक उदाहरण कायम तयार असतं, मुंबईच्या मालविका जोशीचं. सातवीच्या वयात शाळा सोडली, आईनं नोकरी सोडून घरीच अभ्यास आखला, आंतरराष्ट्रीय इन्फॉर्मेटिक्स ऑलिंपियाडमध्ये दोन रौप्य आणि एक कांस्य, आणि २०१६ मध्ये थेट अमेरिकेच्या एमआयटीत प्रवेश. सगळं खरं, आणि कौतुकाचंच. पण त्याच बातमीतला दुसरा भाग रीलमध्ये येत नाही. बारावीचं प्रमाणपत्र नाही म्हणून आयआयटीचं दार तिला बंद होतं. तिला पुढं नेलं ते ऑलिंपियाडच्या मेडलनं आणि चेन्नईच्या गणित संस्थेनं. एका संस्थेतून बाहेर पडून दुसऱ्या, जास्त चांगल्या संस्थेपर्यंत पोचायला तिच्यापाशी रस्ता होता. आपल्याकडं शाळा सुटलेल्या पोरापाशी रस्ता म्हणजे सतरा नंबरचा फॉर्म. तो कधी भरायचा, कुठं भरायचा, हे सांगणाराही शाळेतलाच कोणीतरी लागतो.

बरं, मग ही पोस्ट एवढ्या रागानं का लिहितोय? ती लोकं तर कोणाचं वाईट करत नाहीत.

राग आला तो दुसऱ्याच घरात. वाडीवरचं ओळखीचं घर, मुलगी नववीत. हायस्कूल चार किलोमीटर, एसटीची वेळ जमत नाही, वडापला पैसे लागतात, आणि रस्त्यात पोरं थांबतात ही घरच्यांची भीती आहेच. मुलगी हुशार आहे, आणि हट्टी आहे म्हणून अजून शाळेत आहे. मी चहाला बसलो होतो तर तिच्या चुलत्यानं मोबाईल पुढं केला. तीच रील. म्हणाला, "दादा, आता तर शिकलेली माणसंच पोरी घरी ठेवायला लागली. मग आमचंच काय चुकलं? घरात राहील, आईच्या हाताखाली शिकेल." पोरगी दाराआड उभी होती. आईनं कप उचलले आणि आत गेली, काही बोलली नाही.

बासरीच्या त्या रीलला काय माहीत ती कोणत्या घरात वाजतेय! फार्महाऊसवर ‘घरी शिकणं’ म्हणजे पक्षी, तबला आणि कोडिंग. वाडीवर ‘घरी शिकणं’ म्हणजे चूल, शेण, धाकटा भाऊ, आणि वर्षाच्या आत पाहुणे बघायला येणं. शब्द एकच. या दुसऱ्या घरात शाळा काय करते? फार काही थोर शिकवते असं मी म्हणणार नाही. पण रोज सकाळी हजेरीत त्या पोरीचं नाव घेतलं जातं. आठ दिवस दिसली नाही तर एखादी बाई फोन करते, एखादा मास्तर मोटारसायकल घेऊन दारात येतो. पोरीच्या वयाची नोंद घराबाहेर असते, आणि लग्नाला अठरा पूर्ण लागतात हे सांगणारं कोणीतरी घराबाहेर असतं. पटावरून नाव गेलं की पोरगी गावाच्या नजरेतून गेली.

आणि या प्रयोगाचा निकाल आपण पाहिलाय हो. कोरोनात पाहिला. ग्रामीण भागातल्या पहिली ते चौथीच्या वर्गांना मार्च २०२० मध्ये कुलूप लागलं ते १ डिसेंबर २०२१ ला निघालं. वीस महिने या वर्गांतलं प्रत्येक लेकरू घरी होतं, निसर्गात होतं, आईबापाजवळ होतं. काय शिकलं? घरात फोन एक, तो घेऊन बाप कुरकुंभच्या एमआयडीसीत शिफ्टला. पोरं कांदा काढायला, शेळ्यांमागं. शाळा उघडली तेव्हा चौथीतल्या पोरांना जोडाक्षरं वाचता येईनात, हे मला मास्तरांनी सांगितलं नाही, मी स्वतः वर्गात बसून ऐकलंय. आणि मोठ्या मुलींची लग्नं त्याच काळात पंचवीस-पंचवीस माणसांत गुपचूप उरकली. जेवणावळीचा खर्च वाचला म्हणून लोक खूश होते.

रीलमध्ये शेवटी थोर माणसांची नावं येतात. अमका शाळेत गेला नाही, तमक्यानं शाळा सोडली. रवींद्रनाथ तर हटकून असतात. शाळेला कंटाळलेल्या त्याच रवींद्रनाथांनी १९०१ साली शांतिनिकेतनात शाळाच काढली, हे मात्र नसतं. आणि आणखी एक नाव नसतं, जे सगळ्यात वर पाहिजे होतं. ते नाव आपल्या तालुक्यातलं आहे. पाटसहून पुण्याच्या गाडीत बसा, कडेठाण गेलं की केडगाव. तिथं उतरा.

पंडिता रमाबाई. जन्म १८५८. शाळेचं तोंड न पाहता एवढी विद्या मिळवलेलं दुसरं माणूस आपल्याकडं शोधून दाखवा. वडील अनंतशास्त्री डोंगरे. पुण्यात गुरूंकडं शिकत असताना गुरू पेशव्यांच्या पत्नीला संस्कृत शिकवतात हे त्यांनी पाहिलं, आणि आपणही बायकोला शिकवायचं असं ठरवलं. लोकांनी छळलं, तर थेट गंगामूळच्या रानात जाऊन राहिले. तिथं पत्नी लक्ष्मीबाईंना शिकवलं, आणि लक्ष्मीबाईंनी रमेला. पहाटे आईच्या मांडीशी बसून पाठांतर. भागवताचे हजारो श्लोक पोरीला लहानपणीच तोंडपाठ. पुढं सगळं कुटुंब तीर्थं करत देशभर पायी फिरलं. निसर्ग, प्रवास, आईबापाचा चोवीस तास सहवास, परीक्षा नाही, घंटा नाही, टाय नाही. आजच्या अनस्कूलिंगवाल्यांचं स्वप्न दीडशे वर्षांपूर्वी कोणीतरी जगून दाखवलेलं आहे.

पण पुढं काय झालं तेही वाचा. दुष्काळ आला. हे विद्वान कुटुंब उपाशी राहिलं. वडील गेले, पाठोपाठ आई गेली, बहीण गेली. भीक मागायची लाज, मजुरी माहीत नाही, आणि पोट भरायचं दुसरं कुठलंही कसब अंगात नाही, अशी आपली अवस्था होती, हे रमाबाईंनी पुढं स्वतः लिहून ठेवलंय. आईबापानं प्रेमानं, जिवापाड मेहनतीनं शिकवलं होतं. पण आईबापाला जेवढं ठाऊक होतं तेवढंच शिकवलं होतं. घराची हीच मर्यादा असते. घर कितीही प्रेमळ असलं तरी त्याच्या भिंती आईबापाच्या माहितीएवढ्याच.

भाऊ-बहीण चालत चालत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचले. तिथल्या विद्वानांनी तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटलं. वयाच्या चोविशीच्या आत लग्न, मुलगी, वैधव्य सगळं होऊन गेलं. आणि मग हातात थोडी ताकद आल्यावर, लहानपणी कधी शाळेत न गेलेल्या या बाईनं काय केलं? घरोघरी आईनं शिकवावं असा उपदेश करत फिरली? १८८२ साली हंटर आयोगापुढं तिनं साक्ष दिली आणि मागितलं काय, तर मुलींना शिकवायला स्त्री शिक्षिका आणि स्त्रियांसाठी स्त्री डॉक्टर. १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं. दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन शेकडो उपाशी मुली उचलून आणल्या आणि केडगावच्या माळावर मुक्ती सदन उभं केलं. तिथं अक्षरओळख तर होतीच, शिवाय शेती, विणकाम, छापखाना. स्वतःच्या घरानं जे दिलं नव्हतं ते नेमकं तिनं पोरींच्या हातात दिलं. १९२२ साली ती केडगावलाच गेली. तिच्या धर्मांतरावरून ज्यांना भांडायचंय त्यांनी वेगळ्या पोस्टवर या, इथं विषय शाळेचा आहे.

त्याच १८८२ साली, त्याच हंटर आयोगापुढं जोतीराव फुल्यांनी निवेदन दिलं. मागणी काय? निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा. सक्तीचं, हा शब्द नीट वाचा. आज हाच शब्द सजग पालकांना टोचतो. मुलावर सक्ती कशाला, असं ते विचारतात. पण जोतीरावांची सक्ती मुलावर नव्हतीच, ती होती मुलाला राबवणाऱ्या घरावर आणि शाळा न काढणाऱ्या सरकारवर. शाहू महाराजांनी १९१७ साली करवीर संस्थानात मोफत आणि सक्तीचं शिक्षण आणलं तेव्हा पोर न पाठवणाऱ्या बापाला महिना एक रुपया दंड ठेवला होता. त्या काळचा रुपया! महाराजांना मुलाच्या आनंदाची पर्वा नव्हती असं कोणी म्हणेल का?

आता आपल्या उसाच्या फडात या. दिवाळी झाली की बीड-नगरकडच्या टोळ्या उतरतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायको, पण कारखान्याच्या कागदावर न येणारा तिसरा जीव कोपीत असतो, धाकट्याला कडेवर घेऊन. मोठी असेल तर पहाटे भाकरी थापते, वाढं गोळा करते. चार-पाच महिने ही लेकरं निसर्गाच्या सान्निध्यात असतात, आईबापाबरोबर असतात आणि कुठलीही परीक्षा देत नाहीत. यांची रील कोणी काढत नाही. यांच्यासाठी लोकांनी साखरशाळा काढल्या, गावाकडं हंगामी वसतिगृहं सुरू झाली, कारण घरापासून लांब का होईना पण शाळा पाहिजे असं त्या आईबापालाच वाटतं. फडावरच्या कुठल्याही बाईला विचारा. उचल फेडायला आलेली बाई पोरगी शिकावी म्हणते. शाळेतून मुक्ती हवी असं म्हणणारी मला तरी एकही भेटली नाही.

मग शाळा आहे तशीच राहू द्यायची का? अजिबात नाही. उत्तरं आपल्याच दोन तालुक्यांत पडलीयत. शिरूर तालुक्यात पाबळला १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबाग नावाचा माणूस मोठ्या कंपनीतली संशोधनाची नोकरी सोडून आला आणि विज्ञान आश्रम काढला. शाळेत नापास झालेली, शाळा सुटलेली पोरं घेतली आणि वेल्डिंग, बांधकाम, शेती, पशुपालन, स्वयंपाकघरातलं आरोग्य असं हातानं करत करत शिकवलं. हातानं शिकणं, आपल्या गतीनं शिकणं, चुकायची भीती नसणं, अनस्कूलिंगवाले जे जे मागतात ते सगळं तिथं आहे. एमआयटीची फॅब लॅब २००२ मध्ये पाबळला आली. मालविकाला एमआयटीला जावं लागलं, पाबळच्या पोरांकडं एमआयटी चालत आली, असं गमतीनं म्हणता येईल. फरक एवढाच की कलबागांनी हे स्वतःच्या दोन पोरांपुरतं केलं नाही. त्याच तालुक्यात वाबळेवाडीच्या लोकांनी जमीन दिली, घाम गाळला आणि जिल्हा परिषदेची शाळा अशी उभी केली की लांबलांबून लोक बघायला आले. पुढं तिथं वादही झाले, ते जाऊ द्या. मुद्दा असा की पालकांनी शाळा सोडली नाही, तिचं मानगूट धरलं.

आणि इथंच माझं फार्महाऊसवाल्यांशी खरं भांडण आहे. तुम्ही पोरगं काढून नेता तेव्हा ते एकटं जात नाही. सोबत तुम्ही जाता. इंग्रजी पत्र लिहू शकणारा, गटशिक्षणाधिकाऱ्याला न घाबरणारा, संडासाला पाणी का नाही म्हणून विचारणारा एक पालक शाळेतून जातो. पट कमी झाला की संचमान्यतेत शिक्षकाचं पद जातं, मग एका मास्तरकडं दोन वर्ग येतात, मग उरलेल्यांतला ऐपतवाला पोराला टायच्या शाळेत घालतो, आणि शेवटी वीसपेक्षा कमी पटाची शाळा म्हणून समूह शाळेची चर्चा सुरू होते. २०२३ पासून ती चर्चा आपण ऐकतोच आहोत. मागं उरते ती वाडीवरची नववीतली पोरगी, जिला चारऐवजी सात किलोमीटर जावं लागलं तर घरचे पाठवणार नाहीत.

कायद्यानं तुम्हाला कोणी पकडणार नाही, आणि पकडूही नये. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १० मध्ये मुलाला शाळेत घालणं हे पालकाचं कर्तव्य म्हटलंय, पण पालकाला शिक्षा ठेवलेली नाही. तेव्हा तुमची पोरं, तुमची मर्जी. फक्त रील काढून ‘सगळ्यांनी करा’ म्हणू नका. आणि मुलांना द्यायला एवढा वेळ, एवढी माया, एवढी पुस्तकं खरंच असतील तर त्याच कायद्याचं कलम २१ वाचा. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश माणसं पालक असली पाहिजेत, आणि निम्म्या बायका. आपल्याकडं या समितीचं काय चालतं सगळ्यांना माहितीये. रजिस्टर घरी सह्यांना येतं. तिथं बसा. शनिवारी दोन तास पक्षी दाखवायला त्या पोरांना घेऊन जा. तबला आमच्याही पोरांना ऐकू द्या.

वाडीवरच्या त्या चुलत्याशी मी नंतर तासभर बोललो. पोरगी सध्या तरी जातेय, सायकलवर, बरोबर आणखी दोघी आहेत.

आता दिवाळीनंतरचं. तुमच्या वस्तीजवळ टोळी उतरली तर एवढं करा. जवळच्या शाळेत लेकरांना घेऊन जा. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, कलम १४. आधीच्या शाळेचा दाखला आला नाही म्हणून थांबवता येत नाही, कलम ५. वर्ष निम्मं संपलं ही सबबही चालत नाही, कलम १५. वयानुसार वर्ग द्यावा लागतो, कलम ४. हे चार आकडे मोबाईलमध्ये लिहून ठेवा, आणि कोणी नाही म्हणालं तर मला फोन करा, मी कॅमेरा घेऊन येतो.